बाराव्याच्या दिवशी मावशीची सही घेतली. काकांच्या जमिनीला तिचं नाव लागेल का?

वडगावची_लेक
नमस्कार मंडळी. थोरल्या मावशीसाठी विचारतेय, जाणकारांनी नीट सांगा.

मावशी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात दिलेली. काका अडीच महिन्यांपूर्वी गेले. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं काम केलं. मुलगा नाही, दोन मुली. थोरलीचं लग्न झालंय, धाकटी शिकतेय. मावशीच्या सासूबाई आहेत, वय ऐंशीच्या पुढं. दीर शेजारच्याच घरात राहतात. भावाभावांची वाटणी १९९८ साली झाली, तेव्हा काकांच्या वाट्याला वडिलार्जित ३ एकर आली. पगारातून पैसे साठवून काकांनी बेळगावात एक प्लॉट घेतला, तो त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. लग्नाआधी काढलेल्या एल.आय.सी. पॉलिसीला नॉमिनी म्हणून दिराचं नाव आहे, ते बदलायचं राहून गेलं.

बाराव्याच्या दिवशी जेवणावळ उठली आणि दिरांनी एक कन्नड कागद पुढं केला. "तलाठ्याकडं द्यायचाय, सही करा" म्हणाले. मावशी मराठी सातवी शिकलेली, कन्नड तिला बाजारापुरतं येतं. मी तिथंच होते. बांगड्या उतरवून बारा दिवस झाले होते, मनगटावर चुड्याचे पांढरे वळ तसेच होते, आणि त्याच हातानं तिनं सही केली. मी अडवलं नाही. ते मला झोपू देत नाही.

आता दीर म्हणतात, "वैनी, तुमास्नी कोण काढूलालंय? ऱ्हावा, खावा. खरं उताऱ्यावर नाव कशाला पायजे? पोरी सासरला जाणार, जमीन जावयाच्या घरात जायची." खरंच मुलगा नसला की जमीन दिराकडं जाते का?

जांबोटीकर
ताई, वाईट वाटलं वाचून. आधी एवढं सांगा, कागद साधा होता की बाँडवर? सबरजिस्ट्रार ऑफिसला नेलं होतं का? फोटो असेल तर मजकूर इथं टाका, मावशींचं नाव-गाव झाकून.

अनगोळचा_अण्णा
दिराचा काही संबंध नाही. खेळ खलास.

काळा_कोट_टिळकवाडी
अण्णा म्हणतात ते खरं आहे, पण "खेळ खलास" इतकं सोपं नाही. सविस्तर लिहितो.

प्लॉटचा हिशेब सरळ आहे. ती काकांची स्वकष्टार्जित मिळकत. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस घेतात: बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखं. इथं चौघी आहेत, म्हणून प्रत्येकीला पाव. पहिल्या वर्गातला एक जरी वारस हयात असला तर भावाचा नंबरच लागत नाही.

तीन एकरांचा हिशेब दोन पायऱ्यांनी होतो. काका गेले त्याच्या आदल्या क्षणी घरात वाटणी झाली असं कायदा धरून चालतो. २००५ पासून मुली जन्मानंच वडिलार्जितात भागीदार आहेत, लग्न झालेली असो वा नसो. आपल्याकडं, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात चालणाऱ्या मिताक्षरा या जुन्या हिंदू कायद्याच्या परंपरेप्रमाणे, वाटणी होते तेव्हा बायकोलाही मुलाएवढा हिस्सा निघतो. म्हणजे काका, मावशी, दोन मुली असे चार भाग. मग काकांचा जो एक भाग उरला त्याचे परत चार: मावशी, दोन मुली, सासूबाई. मावशीला १/४ अधिक १/१६, म्हणजे ५/१६. दोन्ही मुलींना तेवढंच. सासूबाईंना १/१६.

३ एकर म्हणजे १२० गुंठे. तिघी मायलेकींना प्रत्येकी साडेसदतीस, आजीबाईंना साडेसात. दिराला शून्य. वकील लावाल तेव्हा कागद दाखवून हा हिशेब एकदा तपासून घ्या. १९९८ च्या वाटणीचा कागद हातात असणं महत्त्वाचं आहे.

मुतग्याची_सुगरण
आमच्या आजीनं हेच भाकरीवर दाखवलं असतं. एक भाकरी, चार चतकोर. तीन चतकोर तिघींच्या ताटात. चौथा काकांचा, त्याचे परत चार घास, त्यातला एक सासूबाईंचा. दिराच्या ताटात काही पडत नाही, त्यांची भाकरी त्यांना १९९८ सालीच मिळाली.

वडगावची_लेक
सुगरणताई, हे मी मावशीला असंच्या असं सांगणार आहे.

नेसरगीचा_शेतकरी
सगळे दिराच्या मागं लागलाय म्हणून लिहितो. मी स्वतः दीर आहे. माझा भाऊ पुण्याला नोकरीला होता, त्याची जमीन मी अठरा वर्षं केली. बोअर मारलं, सोसायटीचं कर्ज फेडलं, बांधावरून शेजाऱ्याशी भांडलो तोही मीच. भाऊ वारला आणि वहिनीनं महिन्याभरात वकिलाची नोटीस पाठवली. मला सही नको होती, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, "भाऊजी, तुमचा खर्च किती झाला?" कोर्टाची पायरी चढलात की त्या गावात परत पाणी मागायची सोय राहत नाही. चार पंच बसवा आणि मिटवा.

काळा_कोट_टिळकवाडी
दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. बोअरचा खर्च, फेडलेलं कर्ज यांचा हिशेब वाटणीच्या वेळी मांडता येतो आणि मांडावाच. पण तो पैशाचा हिशेब झाला. राबणुकीतून वारसा तयार होत नाही. आणि पंच बसवायचे तर उताऱ्याला मावशींचं नाव लागल्यावर बसवा. नाव नसलेल्या बाईला पंच चहा देतात, हिस्सा देत नाहीत. पंचवीस वर्षांत हे फार पाहिलंय.

निपाणीची_सून
मी कधी लिहीत नाही, वाचून जाते. आज लिहिते.

मी एकतिसाव्या वर्षी विधवा झाले, मुलगा चार वर्षांचा. सासरे म्हणाले, "नातू आमचा, तू माहेरी जा, महिन्याला काहीतरी पाठवू." मी गेले नाही. गोठ्याच्या बाजूची खोली मला दिली, तिथंच राहिले. दोन महिन्यांनी सोसायटीचा माणूस आला. नवऱ्यानं ऊसाला कर्ज काढलेलं होतं. थकबाकीच्या कागदावर वारस म्हणून माझं नाव आधीच टाईप करून आणलं होतं. उताऱ्यावर तेच नाव लागायला मला पाच वर्षं झगडावं लागलं.

त्या पाच वर्षांत ऊस तोडून जायचा, बिल दिराच्या खात्यावर जमा व्हायचं आणि मी त्याच शेतात पाला काढायला मजुरीनं जायचे. स्वतःच्या शेतात. संध्याकाळी मजुरी हातात पडायची तेव्हा दिराची नजर खाली असायची, एवढं मात्र सांगते.

जमीन सोडू नका. आणि घर तर अजिबात सोडू नका. एकदा उंबऱ्याबाहेर पडलात की "ती गेली, तिनं सोडलं" म्हणायला सगळा गाव तयार.

काळा_कोट_टिळकवाडी
ताईंनी लाखाचं सांगितलं. नवऱ्याचं कर्ज वारसांवर येतं ते त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतंच, स्वतःच्या खिशातून नाही. आणि राहत्या घरातून विधवेला असं काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं २०२२ साली प्रभा त्यागीच्या खटल्यात एका विधवेबाबत ते स्पष्ट सांगितलं.

हुक्केरी_एक्सप्रेस
एक शंका. विधवेनं दुसरं लग्न केलं तर हिस्सा परत द्यावा लागतो ना? आमच्या भावकीत सगळे असंच म्हणतात.

काळा_कोट_टिळकवाडी
नाही. नवरा गेला त्या क्षणी हिस्सा तिचा झाला, पुढं लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. भावकीच्या डोक्यात १८५६ चा जुना विधवा पुनर्विवाह कायदा बसलाय, तो कधीच रद्द झाला. वारसांकडून पोटगी मागायचा हक्क मात्र पुनर्विवाहानंतर राहत नाही. हिस्सा वेगळा, पोटगी वेगळी.

कृष्णाकाठचा
आपल्या शेजारच्याच एका बाईचा खटला सगळ्या देशात शिकवतात, तो इथं यायलाच हवा. हिराबाई मगदूम. नवरा खंडाप्पा १९६० साली वारले. मागं हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी मुलांविरुद्ध सांगलीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. मुलांचं म्हणणं, आईला फक्त वडिलांच्या हिश्शातला वाटा मिळेल, म्हणजे १/२४. आईचं म्हणणं, आधी वाटणीतला माझा पाव, मग त्यात तो १/२४, एकूण ७/२४. खालच्या कोर्टात हरल्या, हायकोर्टात जिंकल्या, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांनी ७/२४ वर शिक्का मारला. वकीलसाहेबांच्या हिशेबाच्या दोन पायऱ्या आल्या त्या याच बाईमुळं.

मुतग्याची_सुगरण
म्हणजे सहा-चोवीसांश हिस्सा पोरं आईच्या तोंडातून काढायला निघाली होती. पोटची पोरं.

खडेबाजार
थोडं विषयांतर, क्षमस्व. ताईंनी मनगटावरच्या वळांचं लिहिलं ते डोक्यातून जात नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचं बघा. रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या उतरवतात, सगळा भाग हळहळतो. पण दरवर्षी देवीला परत चुडा भरतात, अहेव पुनव होते. आपल्या बायकांना ती दुसरी पुनव कुणी ठेवलीच नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. निपाणीपासून किती लांब आहे ते? आपल्याकडच्या किती पंचायतींनी केला?

जांबोटीकर
ठराव व्हावाच, पण बाराव्याला कागद पुढं करू नये असाही एक ठराव करा त्याच सभेत. दुःखात डोळे भरलेले असतात तेव्हाच पेन हातात देतात.

निपाणीचा_अत्तरवाला
आमच्यात शरियतप्रमाणे मुलंबाळं असतील तर बेवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. आणि वाटणीच्या आधी मेहर द्यायचा, तो मयताच्या अंगावरचं कर्ज समजतात. कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात माझ्या फुफीला आठवा हिस्सा तर सोडाच, मेहर किती ठरला होता तेही कुणी सांगेना. निकाहनामा शोधायला मला तीन महिने लागले. तेव्हा हे फक्त तुमच्यातलं आहे असं समजू नका.

नाव_नको
माझ्या वडिलांची दोन लग्नं. पहिली आई हयात असताना दुसरं केलं, मी दुसरीचा. वडील गेल्यावर पेन्शन मोठ्या आईला लागली, आमच्या आईला नाही. जमिनीत आईला आणि मला काही आहे का? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

काळा_कोट_टिळकवाडी
दादा, स्पष्टच सांगतो. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. आपला भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता आणि तिथं द्विभार्याबंदीचा कायदा १९४६ सालीच आला, देशाचा १९५५ चा कायदा यायच्या आधी. त्यामुळं तुमच्या आईंना विधवा म्हणून वारसा मिळत नाही. पण तुम्ही वडिलांचे औरस वारस धरले जाता. १ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं रेवणसिद्दप्पा खटल्यात सांगितलं, अशा मुलाला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत हिस्सा आहेच, शिवाय एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांचा जो हिस्सा पडेल त्यातही आहे. तो खटला आपल्या कर्नाटकातूनच गेला होता. तुमचा हिस्सा मागा आणि त्यातून आईंना सांभाळा.

नाव_नको
धन्यवाद साहेब. एवढं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हुक्केरी_एक्सप्रेस
अजून एक. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हिस्सा नाही, असं मला एका कचेरीत सांगितलं.

काळा_कोट_टिळकवाडी
ती कर्नाटकाची जुनी दुरुस्ती, ३० जुलै १९९४ पासून लागू झालेली. तिच्यात तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील कधी वारले हा प्रश्नही मिटला. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली रीतसर वाटणी मात्र मोडत नाही.

वडगावची_लेक
कागदाचा फोटो मिळाला. धाकटीनं दिराच्या मुलीकडून गुपचूप आणला. वीस रुपयांच्या बाँडवर आहे, रजिस्टर झालेला दिसत नाही. चावडीवर नोटीस लागून बारा दिवस झाले म्हणे. शेवटच्या ओळी वाचून घेऊन मराठी अक्षरांत लिहिते: "...नन्न मैदुनर हेसरिगे दाखल माडलु नन्नदु एनू तकरारु इरुवुदिल्ल." कुणी अर्थ सांगेल का?

बैलहोंगलचा_पाहुणा
मी कन्नड, मराठी सासरवाडीमुळं इथं. अर्थ असा: "माझ्या दिरांच्या नावे नोंद करण्यास माझी काहीही तक्रार नाही." यात हक्क सोडला असं कुठं लिहिलेलं नाही, "हक्कु बिडुगडे" हे शब्द नाहीत. फक्त नोंदीला संमती. बघा ताई, तकरार हा शब्द तुमचा आणि आमचा एकच आहे, मावशींना कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं तर त्यांनी लगेच ओळखला असता. हरकतीचा अर्ज मी कन्नडमध्ये लिहून देतो, एक पैसा नको.

काळा_कोट_टिळकवाडी
पाहुणे, फार मोठं काम केलंत.

ताई, आता नीट ऐका. जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावं लागतं. त्या वीस रुपयांच्या बाँडनं मावशींचा हक्क गेलेला नाही. पण त्यावरून दिरांच्या नावची नोंद झाली तर ती पुसायला वर्षं जातील. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. त्यातले बारा दिवस गेलेच. उद्या-परवा नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालच्या महसूल कचेरीत, हरकत द्या: कागद समजावून न सांगता सही घेतली, संमती मागे घेते, मयताचे वारस आम्ही चौघी. त्यासोबत पौतीचा, म्हणजे वारसा नोंदीचा, तुमचा स्वतःचा अर्ज द्या. मृत्यू दाखला जोडा, वंशावळ जोडा. वंशावळीत दोन्ही मुलींची नावं आहेत ना ते डोळ्यांनी बघा, बहुतेक घोटाळे तिथंच होतात. हरकत आली की प्रकरण वादातलं धरतात आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडं अपील. आणि नोंद म्हणजे मालकी नव्हे, शेवटचा शब्द दिवाणी कोर्टाचा.

एल.आय.सी.ला आजच लेखी कळवा. नॉमिनी पैसे उचलतो तो वारसांच्या वतीनं, सुप्रीम कोर्टानं १९८४ सालीच हे सांगितलंय. २०१५ नंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर पैसे त्याचे होतात, पण भाऊ त्या यादीत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निपाणीची_सून
एक सांगू? सासूबाईंशी बोला. दिराशी बोलायच्या आधी. त्या पण विधवाच आहेत, आणि साडेसात गुंठे त्यांचे आहेत. त्या कुठल्या बाजूला उभ्या राहतात त्यावर गावात बरंच ठरतं. माझ्या सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या असत्या तर माझी तीन वर्षं वाचली असती.

नेसरगीचा_शेतकरी
बरोबर सांगितलंत. आणि मागचं माझं थोडं रागात लिहिलं गेलं. बाराव्याला कागद पुढं करणं मला पटत नाही. मी केलं नसतं.

वडगावची_लेक
धागा वर आणतेय, कळवायचं होतं.

निपाणीच्या ताईंचं ऐकलं. मी आणि मावशी आजींजवळ चुलीपाशी बसलो. सुगरणताईंची भाकरी मी खरोखरच मोडून दाखवली, ताटात चतकोर मांडले. आजी बराच वेळ बघत बसल्या. मग तो सोळावा तुकडा बोटानं पुढं सरकवून म्हणाल्या, "ह्यो माझा व्हय? माझा दादला गेला तवा मला कुणी इचारलंच न्हाई गे. ह्येंची नावं लागली, माझं कुठं लागलं?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वडापमध्ये बसून आमच्याबरोबर नाडकचेरीत आल्या. पाहुण्यांनी लिहून दिलेली कन्नड हरकत आणि तिची मराठी नक्कल, दोन्ही दिल्या. टेबलावरच्या माणसानं "मराठी कशाला?" विचारलं. मावशी म्हणाली, "ह्या वेळेला मला वाचून सही करायचीय." आधी मराठी नक्कल अक्षर न् अक्षर वाचली, मग सही. खाली आजींचा अंगठा. शाई पदराला पुसली त्यांनी, डाग तसाच आहे.

मुदतीच्या आत दिली, एक दिवस हातात राखून. दीर अजून बोलत नाहीत. पण परवा धाकटीची फी भरायची होती तेव्हा आजींच्या हातून पैसे पाठवले, ते त्यांचेच होते हे आम्हाला कळलं.

काळा_कोट_टिळकवाडी
शाब्बास. पोच घेतली ना? शिक्का, तारीख, सही?

वडगावची_लेक
घेतली. मावशीनं काकांच्या फाउंड्रीच्या ओळखपत्राबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय.

जांबोटीकर
आणि एल.आय.सी.?

वडगावची_लेक
सोमवारी जातोय. आजी पण येणार म्हणतात.